धोका टळल्याची सायकल

चिमाजीची आणि माझी पहिली भेट सुरू झाली तेव्हा मी भोसरीच्या स्टँडवर बसची वाट बघत उभा होतो. ती संपली तेव्हा मी समोरच्या लिंबाच्या झाडावर होतो. मधलं फारसं आठवत नाही. शंभर रेडे एकाच विहिरीत पडावेत तसा आवाज आळंदीच्या बाजूने आला, एवढं खरं. रसवंतीचा बैल चरक सोडून पळाला. न्हाव्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्धीच मिशी घेऊन घरी गेलं. एका ठार बहिऱ्या म्हाताऱ्याला कित्येक वर्षांनी ऐकू येऊ लागलं; मात्र पहिलं वाक्य सुनेचं ऐकल्यामुळे त्याला त्यात काही गोडी वाटली नाही.

धूळ खाली बसली तेव्हा झाडाखाली एक सायकल उभी होती. तिच्या कॅरिअरवर पिंपाएवढा पत्र्याचा भोंगा होता आणि शेजारी खाकी चड्डी, मुंडासं आणि भरघोस अभिमान अशा वेषातला एक आडव्या बांध्याचा गृहस्थ.

"तुमी शाळंतले नवे मास्तर ना?" तो वर बघून म्हणाला. "खरं सांगा, धोक्याचा वाटला का धोका टळल्याचा?"

"धोक्याचा," मी फांदी न सोडता म्हणालो.

"च्यायला! टळल्याचा वाजवत हुतो."

हे १९७१ च्या डिसेंबरातलं. लढाई चालू होती. काचांना काळे कागद लागले होते आणि गल्लोगल्ली खंदक खणले होते. विमानं येण्याचा संभव असला की एका कारखान्यावरचा विजेचा भोंगा चढ-उतार करत ओरडायचा. म्हणजे खंदकात जा. संकट गेलं की तोच भोंगा एकाच सुरात लांबलचक वाजायचा. म्हणजे घरी या. एका संध्याकाळी चढ-उताराचा भोंगा झाला, चिमाजीची सगळी आळी खंदकात उतरली आणि तेवढ्यात वीज गेली. विजेबरोबर भोंगाही गेला. विमान आलंच नव्हतं, पण ते सांगणार कोण? माणसं उजाडेपर्यंत थंडीत कुडकुडत बसली. चिमाजीच्या शेजारी त्याची बायको केसरबाई होती. लग्नापासूनचे त्याचे सगळे गुन्हे तिने त्या रात्री क्रमवार सांगितले आणि त्याला उठून जाता आलं नाही.

"मास्तर, बाँब परवडला," तो मला सांगायचा. "त्यो एकदाच पडतो."

खंदकातून बाहेर आला तो भोंग्याचा विचार घेऊनच. कारखान्यांच्या वसाहतीत त्याची एक शेड होती, तिच्यात लेथ होता. जमीन वसाहतीत गेल्यावर नांगर सोडून त्याने लेथ धरला होता आणि पिंपरीच्या कारखान्यांना तो यंत्रांचे बुश बनवून द्यायचा. विजेवाचून वाजेल असा भोंगा त्याने सायकलवर चढवला. पायडल मारलं की चाक फिरतं, चाकावर पट्टा, पट्ट्यावर भोंगा. कल्पना झकास होती. खोट एकच. चढावर सायकल मंदावली की आवाज उतरायचा, उतारावर वर चढायचा. झाला तो धोक्याचा इशारा! भोसरीत सपाट रस्ता म्हणावा असा नव्हताच, त्यामुळे चिमाजी धोका टळल्याचं सांगत ज्या गल्लीत शिरायचा ती गल्ली धावत खंदकात जायची.

नागरी संरक्षण दलाच्या लोकांनी त्याला बजावलं की सरकारी मंजुरीशिवाय भोंगा वाजवणं हा गुन्हा आहे. चिमाजीला दुसरी कशाची हाव नव्हती. भोंगा मंजूर व्हावा आणि धोका टळला हे आपल्या आळीला आपण सांगावं, बस. त्यात रेडिओवर ऐकलं की देशाच्या संरक्षणाच्या कामी संशोधन करणाऱ्याला सरकार अनुदान देतं.

"मग आपुन संशोधकच की!" तो म्हणाला.

"अगोबाई," केसरबाई म्हणाली, "मी आजवर हेंला चिमाजीच समजत हुते."

अर्ज दिल्लीला, म्हणून हिंदीत जायला हवा. हिंदीचे अधिकारी पुरुष म्हणजे शेजारचे दत्तोबा, पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळणारे. मराठी वाक्याला शेवटी 'है' लावलं की हिंदी होतं हा त्यांचा सिद्धांत, आणि त्या सिद्धांताच्या जोरावर ते राष्ट्रभाषेच्या दोन परीक्षा पास झाले होते. त्यांनी ठणठणीत लिहिलं: 'नागरी संरक्षण के भोंगे में संशोधन करने का है. अनुदान देना.'

दिल्लीचं उत्तर आलं: कोणत्या नियमात संशोधन हवं ते कळवावं. दत्तोबांनी कळवलं, नियमात नव्हे, भोंग्यात. दिल्लीने विचारलं, नियमाचा क्रमांक काय? चिमाजीने सायकलचा बिल्ला नंबर कळवला. असा प्रेमाचा पत्रव्यवहार लढाई संपली, तह झाला, दुष्काळ येऊन गेला तरी चालूच राहिला.

मधल्या काळात चिमाजी गप्प बसला नव्हता. दत्तोबांचा ग्रामोफोन बंद पडला म्हणून तो उघडून बसला, तर आत तबकडी एका वेगाने फिरवणारी वजनं दिसली. तसलीच थोरली वजनं लेथवर करून त्याने भोंग्याला बसवली. आता पायडल कसंही मारा, आवाज एकच. दत्तोबांचा ग्रामोफोन मात्र तेव्हापासून वेग सोडून गातो.

शेवटी दिल्लीचे एक साहेब स्वतःच आले. पुण्यात त्यांचं सरकारी काम होतं, बायकोला आळंदीचं दर्शन घ्यायचं होतं, भोसरी वाटेवरच. जीपमधून उतरून त्यांनी काखेतलं नियमांचं पुस्तक उघडलं.

"चिमाजी जी, संशोधन किस में चाहिए?"

"भोंगे में."

"भोंगा कौन-सी धारा में है?"

हे केसरबाईने ऐकलं. "धारा सांजच्याला काढतो, सायेब," ती अदबीने म्हणाली. "म्हस आत्ताच रानात गेलीया."

साहेबांनी पुस्तक मिटलं. मी पुढे होऊन सायकल दाखवली, तेव्हा कुठे उलगडा झाला. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती! इतकी वर्षं दिल्लीतलं एक अख्खं टेबल भोसरीसाठी कायदा दुरुस्त करायला टपून बसलं होतं. साहेब इतके हसले की जीपचा ड्रायव्हर पाणी घेऊन धावला.

"इसे हम अनुसंधान कहते हैं," ते डोळे पुसत म्हणाले. "अनुसंधान के लिए नया आवेदन भेजिए."

चिमाजी गोंधळला. आळंदीच्या कीर्तनात त्याने हा शब्द शेकडो वेळा ऐकला होता. देवाच्या ठायी चित्त लावणं म्हणजे अनुसंधान.

"त्ये आमी एकादशीला करतो, सायेब," तो म्हणाला. "त्याचं पन सरकार पैशे देतं?"

मग प्रात्यक्षिक झालं. साहेबांच्या परवानगीने चिमाजी सायकलवर बसला आणि आळीच्या चढावर निघाला. आवाज एका सुरात, तेलाच्या धारेसारखा. उतारावर आला, तसूभर फरक नाही. बायका पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. लढाई संपून जमाना झाला होता, तरी सगळ्यांचे चेहरे असे उजळले की जणू आत्ताच कुठलंसं संकट टळलं. दत्तोबांनी टाळ्या वाजवल्या. चिमाजी मांडीवर बाळ घेतल्यासारखा सायकलवर बसला होता.

"बहुत बढ़िया," साहेब म्हणाले. "अब खतरे वाला बजाइए."

चिमाजीने पायडल हळू मारलं. जोरात मारलं. उभा राहून मारलं. भोंगा आपला शांतपणे सांगत राहिला की काही धोका नाही.

"गोची झाली राव," दत्तोबा माझ्या कानात म्हणाले.

"लेकिन यह तो खतरा बता ही नहीं सकता!"

"सायेब," चिमाजी घाम पुसत म्हणाला, "धोका आला तर मानसाला आपसूक कळतोय. टळल्याला कळत न्हाई, म्हून तर रातभर बसलो आमी खंदकात."

केसरबाईने मान हलवली. त्यांच्या संसारात ती नवऱ्याशी सहमत झाल्याची माझ्यासमोरची ही एकच वेळ.

साहेब विचारात पडले, चहा प्याले आणि म्हणाले की नव्या अर्जात दोन सायकली लिहा, एक वजनांची, एक बिनवजनांची. दत्तोबांनी अर्ज लिहिला. 'अनुसंधान' हा शब्द त्यांनी इतक्या वेळा घातला की वाचणाऱ्याला मोक्षच मिळावा. चिमाजी स्वतः पोस्टात जाऊन तो टाकून आला आणि वाटेत भेटेल त्याला दुसऱ्या सायकलचा रंग सांगत सुटला.

उत्तर १९७८ मध्ये आलं. अर्ज मुदतीनंतर पोचल्यामुळे विचारात घेतला गेला नाही. चिमाजीने पुन्हा अर्ज केला नाही, आणि तो भोंगा पुढे कधीच वाजला नाही.