सात दिवसांची लाथ

मी हायस्कूलच्या पोरांना ताकद कमवायला शिकवतो, आणि गेल्या दिवाळीत पाच दिवस मला माणसांचे फक्त पाय दिसत होते.

धारूरजवळच्या आमच्या शाळेत व्यायामशाळा नाही. मी आहे! ट्रॅक्टरचा एक टायर, दोन पहारी आणि वाळू भरलेली अकरा पोती, एवढ्यावर मी नववी-दहावीची पोरं अशी घडवलीत की आमच्या कोमलनं बापाची बंद पडलेली जीप एकटीनं चढावर ढकलली. (जीपमध्ये बाप होता. बापाचे चार मित्रही होते.) स्वतः मी मात्र शिट्टीपेक्षा जड काही उचलत नाही.

घरी मी एकटा. मुलगा ओंकार डॉक्टर व्हायचा म्हणून लातूरला क्लासला, आणि त्याच्या डब्यासाठी त्याची आई सुनंदा तिथंच खोली करून. मी रविवारी गेलो की नेमकी त्याची टेस्ट! संध्याकाळी पोरं ग्राउंडवरून गेली की पोती उरतात आणि मी. एकदा मी पोत्यांचीच हजेरी घेतली. सगळी हजर होती.

दिवाळीला दोघं आले, तेही दोनच दिवसांसाठी. मला ओंकार आठवडाभर तरी राहायला हवा होता. पण राहा म्हणायचं कसं? बापानं तोंड उघडलं की पोराचं वर्ष वाया जातं, असं आमच्या घरात मानतात.

म्हटलं, पोराला ग्राउंड दाखवू, रमेल. सगळ्यांसमोर मी पोत्याला हात घातला.

"सर, ते ऐंशी किलोचं हाय," कोमल म्हणाली.

"मग काय झालं?"

"तुमी कदी उचलल्यालं न्हाई."

"गप बस, कोमल."

पोतं वीतभर वर आलं आणि मी हातभर खाली गेलो. कमरेत असा आवाज झाला की लिंबावरचे कावळे उडाले! वाकलो तो वाकलोच. पोरांना वाटलं, सर काहीतरी नवीन शिकवतायत. चौदा जण माझ्यासारखेच वाकून उभे राहिले.

मग त्यांनी मला पोतं नेतात तसं घरी नेलं. (पकड बरोबर होती, हे मान्य करतो.)

"उसण भरली मास्तरला!" शेजारचे निवृत्तीआबा म्हणाले. "पायाळू माणूस बघा. त्याची लाथ बसली की सुटंल."

आईच्या पोटातून जो पायांकडून येतो तो पायाळू, आणि त्याच्या पायात उसण काढायचा गुण असतो, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही माहीत आहे.

"अहो, आपला ओंकार पायाळूच की!" सुनंदा ओरडली.

"मम्मी, हा मसल स्पाझम आहे. लाथ मारून काय..."

"डॉक्टर हुशील तवा हो. आधी लाथ मार!"

"किती दिवस मारावी लागंल?" मी जमिनीला विचारलं.

"तीन दिवस बास हायेत," आबा म्हणाले.

मला आबांचं धोतर तेवढं दिसत होतं. ते मी ओढलं.

"पाच."

अजून ओढलं.

"सात! सात दिवस!" आबा किंचाळले, कारण आता प्रश्न माझ्या कमरेचा राहिला नव्हता, त्यांच्या कमरेचा होता.

क्लासला फोन गेला. ओंकार राहिला!

त्यानं आधी माझ्या पाया पडून घेतलं, मग लाथ मारली. कट्ट! पहिल्याच लाथेला कंबर सुटली. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? मी विव्हळलो आणि वाकलेलाच राहिलो.

रोज सकाळी लाथ खायची, मग न्हाणीत कडी लावून दोन मिनिटं ताठ व्हायचं, आपली उंची आठवावी म्हणून. ओंकार मला भाकर मोडून द्यायचा, हाताला धरून ग्राउंडवर न्यायचा. "पप्पा, लातूरच्या खोलीला खिडकी आहे, पण तिच्यातून दुसरी खिडकीच दिसते," असं काहीबाही सांगायचा. मी खाली मान घालून ऐकायचो. त्याच्या चपला माझ्यापेक्षा दोन नंबर मोठ्या झाल्या होत्या. कधी झाल्या, मला पत्ता नव्हता.

पाचव्या दिवशी घात झाला. आबांची शेळी अंगणात शिरली आणि ओंकारच्या नोट्स खायला लागली. दोन वर्षांची मेहनत! मी ओसरीवरून झेप घेतली, बाज ओलांडली आणि शेळी धरून दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली.

मग माझ्या लक्षात आलं.

मी ताठ उभा. डोक्यावर शेळी. शेळीच्या तोंडात हृदयाची आकृती.

सुनंदानं सरळ बॅग भरायला घेतली. (ती बोलते तेव्हा बरं असतं.) माझी तब्येत बघायला आलेली कोमल तेवढी म्हणाली, "सर, फॉर्म लई भारी हाय."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं दोघं गेले. घरात इतकं शांत झालं की मी शेळीलाही हाक मारून पाहिली. तीही आली नाही.

चार दिवसांनी ग्राउंडवर कुणी नसताना मी तेच पोतं पुन्हा उचलायला गेलो. पुन्हा कट्ट! सरपटत घरी आलो आणि व्हिडिओ कॉल लावला.

"सुनंदा, उसण भरली."

"मागच्यासारखीच का?"

"न्हाई गं, खरीच भरली!"

"नाटकं पुरे झाली तुमची."

"मम्मी, फोन जरा खाली ठेव," मागून ओंकारचा आवाज आला. स्क्रीनवर त्याचा तळपाय दिसला. मी घाईघाईनं मोबाईल कमरेला लावला. त्यानं लाथ मारली. आमच्या नेटवर्कमुळं ती अर्ध्यात अडकली आणि मिनिटभरानं पोचली.

"सुटली का, पप्पा?"

"थोडी ऱ्हायलीय," मी म्हणालो. "उद्या पुन्हा लाव."

त्याला सगळं कळतं. तरी रोज जेवायच्या आधी फोन लावतो, लाथ मारतो, मग काय काय शिकला ते सांगतो. कंबर केव्हाच बरी झाली. पण पोराची लाथ खायला तोंड धुऊन, भांग पाडून बसणारा बाप अख्ख्या बीड जिल्ह्यात मी एकटाच असेन!