तांबडी लोकर

“आधी जेवू द्या पोराला. नाव काय पळून जातंय?” पोलिसानं एखादं पोर आणून दारात उभं केलं, की आमच्या बाई माझ्या उघड्या रजिस्टरावर सरळ पंजा ठेवायच्या आणि हे म्हणायच्या. मी शाईत बुडवलेला टाक हातात धरून बसून राहायचो. करणार काय?

मुलांसाठीचा कायदा तेव्हा नवाच होता. सोलापुरात स्टेशनवर सापडलेली, आई तुरुंगात गेलेली, मारहाणीला भिऊन पळालेली अशी पोरं आमच्याकडे आणत. फार तर चौदा दिवस ठेवायचं, मग कोर्ट सांगेल तिकडे पाठवायचं. दोन खोल्या, एक पडवी. मी तिथला कारकून. उरलेलं सगळं म्हणजे बाई.

विणकर पद्मसाळ्यांच्या घरातल्या, विधवा. घरी तेलुगू बोलायच्या. पोर कानडी निघालं तर कानडी, दखनी निघालं तर दखनी. पोर आलं, की दुधात कुस्करलेली भाकरी, मग उवांसाठी डोक्याचा चकोट, कढत पाण्यानं अंघोळ, अंगावरचे कपडे चुलीत आणि आमची पांढरी बंडी. एवढं झालं, की पोराला माझ्यापुढं आणून म्हणायच्या, “हं, क्लार्कसाहेब, लिहा आता.”

नियम उलटा होता. पोर जसं येईल तसं, कपड्यालत्त्यासकट आधी लिहायचं. पण आल्या आल्या हंबरडा फोडणारं पोर बाईंच्या हातून आलं की शांत असायचं. मला बरंच होतं की ते! आयतं काम. मी कशाला तक्रार करतोय?

एका संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत हरवलेली चार-एक वर्षांची मुलगी आली. भीतीनं वाचाच बसलेली. बाईंनी तीन भाषांत विचारून पाहिलं, ती ओठ उघडेना. तिच्या वेणीत तांबडी लोकर घट्ट वळून घातलेली. “कुणीतरी मायेनं वळलीय बघा,” असं बाई मला म्हणाल्या, आणि उवा होत्या म्हणून वेणीसकट चुलीत टाकली. मुकं पोर आलं, की बाई त्याला आपल्या मनानं नाव द्यायच्या. हिचं गंगू ठेवलं. मी लिहिलं: गंगू, डोकं चकोट, अंगात पांढरी बंडी.

अकराव्या दिवशी दुपारी बाई एका तापलेल्या पोराला घेऊन इस्पितळात गेलेल्या. दारात एक धनगर येऊन उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, पाय धुळीनं माखलेले. अकरा दिवस वणवण करत होता बिचारा.

“पोरगी घावंना झालीया, साहेब. येणीला तांबडी लोकर हाय, तिच्या आईनं वळल्याली.”

त्यानं मुलीचं नाव सांगितलं. मी रजिस्टर चाळलं. ते नाव नव्हतं, लोकर नव्हती, वेणी नव्हती; बाईंनी दाखवलेली लोकर मला आठवलीच नाही. असली मुलगी इथं नाही, म्हणालो. एकदा आत डोकावू का, असं त्यानं विचारलं. पोरं झोपली होती, आणि झोपलेल्या पोरांत परका माणूस सोडायचा नाही अशी बाईंची ताकीद होती. पण ताकीद कसली घेऊन बसलात! खरं सांगायचं तर मला उठायचा कंटाळा आला. तो “बरं” म्हणाला आणि गेला. त्याचं नावगाव मी विचारलं नाही. मुलगी वीस पावलांवर झोपली होती.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या हुकमानं ती पुण्याला गेली. बाई इस्पितळातून तीन दिवसांनी परतल्या, तेव्हा बोलता बोलता मी त्या धनगराचं सांगितलं. त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, “मी जाळली ती.” आम्ही त्याच दिवशी पुण्याला पत्र टाकलं. पंधरवड्यानं उत्तर आलं, की मुलगी गोवरानं गेली.

आता बापाला सांगायचं कसं? त्याचा ठावठिकाणा कुणाला माहीत?

पुढच्या गड्ड्याला बाई, धनगर घोंगड्या विकायला बसतात त्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. सोबत मी. तिसऱ्या दिवशी तो दिसला. काय बोलायचं ते बाईंनी वर्षभर मनात घोकलं होतं. पण त्यानंच आधी विचारलं, “घावली का वो?”

बाई म्हणाल्या, “घावली. पुण्याला आहे. सोळा वर्षांची होईपर्यंत सरकार सोडत नाही, पण शाळेत घातलीय.”

परतताना मी बाईंवर भडकलो. हे पाप आहे, म्हणालो. त्या थांबल्या. “मग तुम्ही जाऊन सांगा. तो बघा, उभा आहे अजून.” मी गेलो नाही.

तेव्हापासून दर गड्ड्याला तो आमच्या पडवीत येऊन बसायचा आणि बाई सांगायच्या. दात पडले, बाराखडी आली, शिवण शिकतेय. तो मान हलवून ऐकायचा. त्या दिवशी बाईंच्या पोटात अन्नाचा कण जात नसे. हे असं सात वर्षं चाललं.

आठव्या वर्षी बाई पटकीनं गेल्या, दोन दिवसांत. संक्रांत झाली आणि तो आला. आता सगळं सांगून टाकायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. बाई गेल्याचं कळल्यावर त्यानं खांद्यावरची घोंगडी उतरवून खाली ठेवली. मी सुरुवात केली, “तुमची मुलगी...”

“नगा सांगू, साहेब. मला म्हाईत हाय. दुसऱ्याच वर्साला पुन्याला जाऊन आलोय मी.”

मग इतकी वर्षं इथं कशाला येत होता, असं मी कसंबसं विचारलं.

“लेक हितं मोठी व्हत हुती की,” तो म्हणाला. घोंगडी उचलली आणि गेला. पुन्हा कधी आला नाही.

बाईंना हे कळायला हवं होतं, की न कळता त्या गेल्या तेच बरं झालं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.