तिसरी हाक
ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलाचा तो खारट, कुजकट वास घरात आला की माझा हात आपोआप खिडकीचा गज घट्ट धरतो. आम्ही साताऱ्याकडचे, मी लहान असताना खाडीकाठच्या घणसोली गावात भाड्याने राहायला आलो, आणि घरमालकाचा मुलगा माझा जिवलग मित्र होता. थंडीतल्या एका सकाळी आम्ही दोघं चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला खाडीत उतरलो आणि धुकं इतकं दाटलं की हाताशी असलेली तिवराची झुडपंही दिसेनात. तो जाळं बघायला पुढे निघाला. जाताना म्हणाला, "हितंच थांब. मी तीनदा हाक मारीन, मंगच ये. एकच हाक आली त ती माजी नाय." खाडीतलं भूत ओळखीच्या आवाजात हाक मारतं, पण एकदाच, असं गावात सगळेच मानायचे. मी हसलो. थोड्या वेळाने डावीकडून, खोल पाण्याच्या बाजूने, माझं नाव ऐकू आलं. आवाज त्याचाच, पण एकदाच. भरती लागली होती, पाणी गुडघ्यापर्यंत चढलं, तरी मी हललो नाही. मग उजवीकडून ओळीने तीन हाका आल्या आणि पाठोपाठ पाणी तुडवत तो आला. "मघाशी तूच हाक मारलीस ना?" मी विचारलं. त्याने माझं मनगट पकडलं आणि किनारा येईपर्यंत सोडलं नाही. गेल्या वर्षी तो आजारपणात गेला. आज तिन्हीसांजेला खाडीकडून माझ्या नावाची एक हाक आली, अगदी त्याच्याच आवाजात. मी गज धरून उभा आहे, उरलेल्या दोन हाकांची वाट बघत.