चपटे गोळे

आक्का गेली तेव्हा मी कामावर होतो. या वेळी खरंच होतो.

हे दुसरं वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही, आणि त्याचा अर्थ कळणारं एकच माणूस होतं, तेच गेलं. दुपारी ऑफिसात फोन आला. शेजारच्या खोलीतला भिवाजी नाक्यावरच्या इराण्याकडून बोलत होता. "वसंतराव, निघा लगेच," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. काळाचौकीला पोचलो तेव्हा गॅलरीत बायका जमल्या होत्या. त्यातली एक हळहळून म्हणाली, "नशीब तरी बघा, तेव्हाही भाऊ कामावर आणि आजही कामावरच…" मी मान खाली घालून आत गेलो. आक्काचा उजवा हात चादरीबाहेर होता. मधली दोन बोटं नेहमीसारखीच ताठ. कुणीतरी हात जुळवायचा प्रयत्न करत होतं आणि ती बोटं काही वाकत नव्हती.

आक्का माझी थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत विधवा झाली, आणि आईवडील गेल्यावर मला बोटाला धरून मालवणकडून मुंबईला घेऊन आली. मिलच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामावर, तिने पंधरा वर्षं काढली. तिच्या पगारात खोलीचं भाडं आणि दोन पोटं कशीबशी निघत. माझं शिक्षण निघालं ते पगारातून नव्हे, तर तिने घरात जे जे फुकट जाऊ दिलं नाही त्यातून. काड्यापेटीतली काडी ती ब्लेडने उभी चिरायची, एकीच्या दोन. साबणाचा उरलेला कपटा नव्या वडीला चिकटवायची. चादर मधे विरली की मधोमध फाडून काठाला काठ जोडायची, म्हणजे विरलेला भाग कडेला जाई आणि आणखी दोन वर्षं निघत. भाताची पेज तिच्या पोटात जायची आणि तळाची दाट पेज माझ्या शर्टाला खळ म्हणून. शर्टाची कॉलर झिजली की ती उसवून उलटी करून पुन्हा शिवायची. "लोकांका दिसता ती बाजू झिजता, वसू," ती म्हणायची, "आतली तशीच नवी रवता." पुढे सरकारी ऑफिसात मी कारकून म्हणून लागलो. मुलाखतीला गेलो होतो तेही उलट्या कॉलरच्या शर्टातच. साहेबांना काही कळलं नाही.

या सगळ्यात मला सर्वांत नकोसे वाटत ते कोळशाचे गोळे. आमच्या चाळीत गोळे पुष्कळ घरांतून होत, पण आक्कासारखे कुणाचे नव्हते. वखारवाला पोत्याच्या तळाचा चुरा झाडून टाकायचा, तो ती मागून आणायची. त्यात शेण आणि चिकणमाती कालवायची, थोडी पेज घालायची आणि लाडू वळावेत तसे मुठीत वळून गॅलरीत गोणपाटावर वाळत ठेवायची. एकसारखे, गुळगुळीत, काळेभोर. दोन निखाऱ्यांवर एक गोळा ठेवला की शेगडी तास-दोन तास धुमसत राही. डाळ शिजे, शिवाय माझ्या आंघोळीचं पाणी तापे. मी नोकरीत कायम झालो तेव्हा म्हटलं, "आक्का, आता आपण चांगला कोळसा घेऊ शकतो. गॅलरीत हे काळं प्रदर्शन कशाला?" तिने वर न पाहता गोळा वळला. "घेवक गावता म्हणान घेवचो? चुऱ्यान काय पाप केल्यान?" भिवाजी बाहेरून हसत म्हणाला, "आक्का, तुमच्या भावाला साहेबीण आणा. ती विलायती गोळे वळेल." त्यावर आक्का म्हणाली, "तू आधी उसनो नेललो निखारो परत आण, मेल्या." सगळी गॅलरी हसली. मी पेपरात तोंड घालून बसलो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. आमच्या भागात हरताळ म्हणजे गिरण्यांचे भोंगे वाजायचे पण आत जायला माणूस नसायचा. भिवाजी गिरणीच्या लूम खात्यात, मागावर होता. तो सभांना जायचा, घोषणा देऊन घसा बसवून यायचा. मी मनाने तिकडचाच, पण सरकारी नोकर. हरताळाच्या दिवशी जो गैरहजर त्याचं नाव वर कळवलं जाईल, असं आमच्या ऑफिसात तोंडी सांगण्यात आलं होतं. त्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या देखत पिशवी घेऊन निघालो. "सरकारचे जावई निघाले," असं खालून कुणी तरी म्हणालंही. पण ट्राम बंद, पुढे रस्त्यावर दगडांचा खच… मी अर्ध्या वाटेवरून परतलो. पुढच्या जिन्याने आलो असतो तर पोरांनी टोमणे मारले असते, म्हणून संडासांकडच्या मागच्या जिन्याने वर आलो. मला येताना कुणीही पाहिलं नाही. एवढ्यावरच पुढचं सगळं घडलं.

दुपारी खाली पळापळ झाली. मग पोलिसांच्या बुटांचे आवाज जिना चढू लागले. आक्का शेगडीवर भात ठेवून दाराच्या फटीतून बघत होती. तिच्या लक्षात आलं ते सगळ्यांच्या आधी. सकाळी ओळीने मांडलेल्या गोळ्यांत मधे मधे जागा रिकाम्या होत्या. पोरांनी गोळे उचलून वरून रस्त्यावर भिरकावले होते. कुणाच्या तरी खाकी पाठीवर काळा डाग घेऊनच ते लोक वर येत होते, आणि त्यांना आमच्या दारासमोर गोणपाटावर हारीने मांडलेले मुठीएवढे काळे गोळे दिसणार होते. ज्याने आयुष्यात गोळ्यांची शेगडी पाहिली नाही त्याला ते काय वाटणार?

आक्का माझ्याकडे वळली. "तू भायर जा नि सांग, वसू. शेगडीचे म्हणान सांग. इंग्रजीत सांग. तुझां ऐकतले."

तिचं बरोबर होतं. माझं ऐकलं असतं. अंगावर इस्त्रीचा शर्ट होता, इंग्रजी येत होतं, खिशात ऑफिसचा पास होता. पण त्या पासावर माझं नाव होतं, आणि हरताळाच्या दिवशी ते नाव घरी सापडणार होतं.

मी म्हणालो, "तू जा. बाईमाणसाला ते काही करणार नाहीत."

हे मी म्हणालो. कुणी माझ्या तोंडून वदवलं नाही. आक्काने माझ्याकडे क्षणभर पाहिलं… रागाने नव्हे. एखादं वस्त्र विरलंय का हे बघताना ती उजेडासमोर धरायची, तसं. मग ती बाहेर गेली, दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. आत कुणी नाही असं दिसावं म्हणून.

पुढचं मी फक्त ऐकलं. "हे कुणाचे?" असा दरडावणीचा आवाज. आक्काचा आवाज त्याहून मोठा, मुद्दाम मोठा, आत मला ऐकू यावा इतका. "सायबानू, ते शेगडीचे गोळे आसत. पेटवन दाखवतंय, धूर बघा." कुणीतरी हसलं. कुणीतरी गोणपाटाला लाथ मारली असावी, कारण गोळे गॅलरीभर घरंगळल्याचा आवाज आला. "घरात पुरुषमाणूस कोण आहे?" "भाव आसा माझो. कामार गेलो हा." आणि मग, मला वाटतं, ती ते गोळे गोळा करायला वाकली. तिचा हातच तसा होता, सांडलेलं ठेवून उभं राहणं तिला जमायचंच नाही. लाठी फरशीवर आपटली आणि आक्काने एकदाच श्वास ओढला. ओरडली नाही. मी आत आहे हे तिला आठवत होतं.

तिला इतर दोघांबरोबर चौकीवर नेलं. मी खोलीत बसून राहिलो. शेगडीवरचा भात करपू लागला, त्याचा वास मला येत होता, पण झाकण वाजेल म्हणून मी उतरवला नाही. दार बाहेरून बंद होतं, मी काय करू शकत होतो, असं पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो. पण गॅलरीकडे खिडकी होती आणि माझ्या तोंडात जीभ होती.

दिवेलागणीला तिला सोडलं. भिवाजी तिला धरून वर घेऊन आला. दाराशी ती त्याला म्हणाली, "तू जा आता, मी बघतंय माझा." त्याची पावलं त्याच्या खोलीत गेल्यावरच तिने कडी काढली. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला. आत आल्यावर पहिलं वाक्य बोलली ते, "भात करपलो मरे." डाव्या हाताने तिने पातेलं उतरवलं. मग खुंटीवरची माझी ऑफिसची पिशवी काढून माझ्या हातात दिली. "मागच्या जिन्यान खाली जा, नि पुढच्यान वर ये."

मी गेलो. तिने सांगितल्याप्रमाणे मी मागून उतरलो, रस्त्यावर थोडं चाललो आणि पुढच्या जिन्याने वर आलो. पहिल्या मजल्यावर भिवाजी भेटला. त्याचे डोळे भरलेले. "वसंतराव, तुम्ही पाहिजे होतात हो… आक्काला मारलं. हाफिसातनं चालतच आलात?"

मी म्हणालो, "हो."

घरी आलो तेव्हा आक्काने भाताचा वरचा पांढरा थर माझ्या ताटात वाढला होता आणि खालची करपलेली खरवड स्वतःसाठी पाण्यात भिजत घातली होती. आम्ही जेवलो. त्या दिवसाबद्दल ती माझ्याशी पुन्हा कधीच बोलली नाही, आणि मीही नाही. बायका विचारायला आल्या की तीच सांगायची, "तो घरात आसतो तर तेकापण नेल्यानी आसते. कामार होतो ता बरा झाला." सगळं पुरवून वापरणाऱ्या माझ्या बहिणीने माझी अब्रूही अशी उलटून शिवली. झिजलेली बाजू आत, लोकांना दिसली ती नवी.

हात बरा झाला पण दोन बोटं कायमची ताठ राहिली. नंतर ती गोळे डाव्या हाताने वळायची आणि उजव्या तळव्याने दाबायची. ते गोल व्हायचे नाहीत. एका अंगाने चपटे, आणि त्या चपट्या बाजूवर दोन सरळ बोटांचे ठसे. मी एकदा न राहवून म्हटलं, "आक्का, आता तरी सोड हे." ती म्हणाली, "चपटे बरे. घरंगळनत नाय."

राज्य झालं त्या दिवशी चाळीने दिवे लावले, पताका लावल्या. अंगणात खुर्ची मांडून आक्काला बसवलं, खणानारळाने ओटी भरता येत नाही म्हणून बायकांनी तिला नुसता नारळ आणि शाल दिली. भिवाजी चार शब्द बोलला. "भाऊ कामावर, घरात बाई एकटी… तरी मागे सरली नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आक्का माझ्याकडे बघत नव्हती. तिने शालीचं टोक बोटांत घेऊन पोत चाचपलं आणि शेजारणीला म्हणाली, "हेच्यात दोन बंड्या होतले थंडीच्यो." त्यातली एक बंडी आज माझ्या अंगात आहे. दुसरी भिवाजीच्या.

आक्का जाऊन आता महिना होऊन गेला. घरातली तिची कामं मी शिकतोय. परवा पहिल्यांदाच स्वतः कॉलर उसवली, पण शिवता आली नाही. खाटेखाली एका गोणीत तिने पावसाळ्यासाठी केलेले गोळे आहेत. परवा भिवाजी दारात आला. "वसंतराव, कोळसा संपलाय. आक्काचे गोळे पडलेत ना, त्यातले चार द्या." मी नाही म्हणालो. तो हसला. "शोभता खरे आक्काचे भाऊ!" त्याला वाटलं, मी जपून वापरतोय. मी ते वापरतच नाही. आक्का असती तर तिने मला फैलावर घेतलं असतं, जाळायची वस्तू ठेवायची नसते म्हणून. पण प्रत्येक गोळ्यावर ती दोन बोटं उमटलेली आहेत, आणि ती शेगडीत घालायला माझा हात होत नाही.

हा लेख पेपरच्या पुरवणीत छापून येईल. पुष्कळांना कळेल. पण भिवाजीला वाचता येत नाही. हे लिहिताना माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा एकदा मागचा जिनाच धरलाय. शेजारी पेपर वाचून त्याला सांगतील, आणि मी आत बसून ऐकेन.

तेव्हा देणं अजून बाकी आहे. गॅलरीत उभं राहून, त्याच्या तोंडावर, मला एवढंच म्हणायचं आहे: भिवाजी, त्या दुपारी मी घरात होतो. आणि मग त्याला गोणीतले चार गोळे द्यायचे आहेत.