भाभींनी शिवलेला एकच ब्लेझर

शमीमभाभींच्या मुलीचा, नसीमचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या ऑफिसात, कॅन्टीनच्या रांगेत ताट धरून उभी होते. "ताई, अम्मी गेली," एवढंच ती म्हणाली. मी ताट जागेवर ठेवलं आणि तशीच निघाले. पण रस्त्यात नेहमीचीच कोंडी लागली आणि पिरंगुटला पोचले तेव्हा मयत घेऊन मंडळी गेलेली होती. आत बायका बसल्या होत्या, त्यांच्यात जाऊन बसले. शेवटचं तोंडही दिसलं नाही, याचा राग मला अजून आहे. कुणावर, ते मात्र सांगता येत नाही.

शमीमभाभी पिरंगुटच्या बाजारात लेडीज टेलर होत्या. दुकानाच्या पुढच्या भागात त्यांचे यजमान कोट-पँट शिवायचे. त्यांना सगळा बाजार मास्टर म्हणे. मागे पडद्याआड भाभींचं मशीन, ब्लाउज आणि फॉल-पिकोचं. मास्टर मोठे कडक. कोटाला बायकोचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही, काजं-बटणंसुद्धा स्वतःच करायचे. ते गेल्यावर भाभींनी पडदा काढून मशीन पुढे आणलं आणि पाटीवरचं 'सूट स्पेशालिस्ट' तेवढं रंग मारून बुजवलं. मी घोटावड्याची सून, लग्नापासून ब्लाउज त्यांच्याकडेच टाकायची. आधी गिऱ्हाईक होते, मग कधी मैत्रीण झाले ते कळलं नाही. वयात वीसेक वर्षांचं अंतर होतं, पण माझ्या सासरची सगळी गाऱ्हाणी त्या दुकानातल्या पाटावरच निघायची.

आता माझ्या खांद्याबद्दल सांगायला हवं. आठवीत असताना पेंढ्याच्या गंजीवरून पडले. हाडवैद्याने बसवलेलं हाड वाकडं जुळलं आणि डावा खांदा कायमचा खाली राहिला. साडीच्या पदराने, ड्रेसच्या ओढणीने मी तो आयुष्यभर झाकत आले. भाभींना अर्थातच माहीत होतं, माझा प्रत्येक ब्लाउज त्या डावीकडून वेगळा बेतायच्या. कधी त्याबद्दल शब्द काढला नाही.

सात वर्षांपूर्वी हिंजवडीतल्या एका कंपनीत जागा निघाली, नव्याने लागणाऱ्यांना काम समजावून देण्याची. पिरंगुटच्या कारखान्यात स्टोअरमध्ये मी हे काम फुकटच करत होते, त्यामुळे काम जमेल की नाही ही चिंता नव्हती. पण मुलाखतीत दहा जणांसमोर उभं राहून बोलून दाखवायचं होतं, आणि तेही फॉर्मल कपड्यांत. पुण्यात जाऊन तीन दुकानांत तयार ब्लेझर घालून पाहिले. आरशात आधी खांदाच दिसायचा, मी मागाहून. तिसऱ्या दुकानातल्या मुलीने "मॅडम, जरा सरळ उभ्या राहा ना," म्हटलं आणि मी ब्लेझर तिच्या हातात देऊन बाहेर पडले. जायचंच नाही, असं ठरवूनही टाकलं होतं.

भाभींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कोट माझं काम न्हाई गं. ते मास्टरांचं." मी म्हटलं, मग राहू दे, मुलाखतीलाच जात नाही. मी रुसून घरी आले, हे कबूल करते. आठ दिवसांनी त्यांचाच फोन आला. "कापड आण. पन भारीतलं आण. तुला हा एकदाच करायचाय, सारखा सारखा न्हाई." भिशीचे पैसे त्यात गेले. माझे यजमान म्हणाले, एका दिवसाच्या मुलाखतीला एवढा कोट? मी कापड घेऊन दुकानात गेले.

पहिल्या ट्रायलला मजाच झाली. जन्मभर ब्लाउज बेतणारा हात, त्यांनी मापही तसंच घेतलेलं, अंगाबरोबर. कोट अंगात गेला, पण हात वर होईना, श्वास घेतला की कच्चे टाके करकरत. भाभी मागे सरकून बघत राहिल्या आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "ब्लाउजच शिवला की गं मी, लांब बाहीचा!" आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. मग सगळा उसवला. दुसऱ्या वेळी बेत बरोबर आला, पण डाव्या खांद्यात घातलेला बाजारचा स्पंज चेपला जाऊन खांदा पुन्हा खाली आला. भाभींचा चेहरा पडला. "परवा ये," म्हणाल्या.

परवा गेले, कोट घातला, त्यांनी मला आरशाकडे वळवलं... दोन्ही खांदे एका रेषेत होते. मी किती वेळ बघत उभी होते कुणास ठाऊक. भाभी तोंडात टाचण्या धरून खाली बसल्या होत्या, बाहीची घडी नीट करत. नोकरी मिळाली. तो ब्लेझर मी आजही वापरते. असला दुसरा मात्र त्यांनी कुणालाच शिवला नाही. बायका विचारायच्या, तर म्हणायच्या, "आता न्हाई व्हायचं ते."

भाभींच्या चाळिसाव्याला ऑफिसातून तशीच, ब्लेझरवरच गेले. जेवणं उरकल्यावर नसीमने मला आतल्या खोलीत नेलं आणि उशीच्या अभ्र्यातून काळ्या कापडाचे तुकडे काढून पलंगावर मांडले. पाठ, बाह्या, कॉलर, अस्तर. टाका न टाका उसवलेला, आणि तुकड्यातुकड्यावर खडूने आकडे घातलेले, कोणता आधी, कोणता नंतर.

"अब्बांचा निकाहचा कोट," ती म्हणाली. "त्यांनी सोताच शिवलेला. त्यांच्या हातचं तेवढंच उरलं हुतं आमच्याकडं. अम्मी कुनाला हात लावू द्यायची न्हाई. मग ह्यो असा कुनी उसवला, ताई?"

ते आठ दिवस माझ्या डोळ्यांसमोर आले. शिकवायला मास्टर राहिले नव्हते, म्हणून भाभींनी त्यांचा कोट उसवून बघितला होता. मी तुकडे हातात घेऊन पाहू लागले. उजव्या खांद्याची गादी होती, कापसाचे थर हाताने टाचून केलेली, दाट, घट्ट. डाव्या खांद्याची नव्हती.

मी नसीमला सगळं सांगितलं. अंगावर ब्लेझर होताच, तो काढायला लागले, म्हटलं, "कात्री दे. ही गादी तुझ्या अब्बांची आहे."

तिने माझे हात धरले. मग डाव्या खांद्यावर तळवा ठेवला, आतली गादी बोटांनी चाचपली आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पन येत जावा मधनंमधनं. घालून."