आधी खोडलेलं वाच

कोविडच्या त्या वर्षी इकडे परदेशात, वेस्टमीडच्या लॅबमध्ये माझी सकाळची शिफ्ट असायची. दुपारी घरी यायचं, आंघोळ करायची आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावायचा. सांगलीत तेव्हा सकाळ असे आणि त्यांचा चहा चाललेला असे. आई जाऊन सहा महिने झाले होते, सीमा बंद होत्या, इथून बाहेर पडायलाही सरकारची परवानगी लागायची, आणि बाबा घरात एकटे. "मी ठणठणीत आहे, तू काळजी करू नकोस," एवढं बोलून ते फोन ठेवून द्यायचे. स्क्रीनवर ते दिवसेंदिवस वाळत चाललेले दिसत होते, आणि मी इकडे नुसती चरफडत होते.

म्हणून मी एक युक्ती केली. अमेरिकेतलं एक ग्रंथालय जुनी हस्तलिखित पत्रं टाइप करून द्यायला घरबसल्या माणसं शोधत होतं. मी नाव नोंदवलं आणि पहिलंच पत्र बाबांना पाठवलं.

"बाबा, अक्षर लागत नाहीये. जरा बघता का? आज आर्वोला, म्हणजे माझ्या दुपारी, मी फ्री आहे."

कोर्टात कागदपत्रांच्या नकला करण्यात बाबांचा जन्म गेला. एक शब्द चुकला तरी अख्खं पान पुन्हा लिहिणारा माणूस! त्यांचा चष्मा लगेच नाकावर चढला.

पत्र एका पुढाऱ्याचं होतं, अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या अध्यक्षीय निवडणुकीतलं. त्या काळी उमेदवाराने स्वतः मतं मागत फिरणं कमीपणाचं समजत. त्यामुळे हे गृहस्थ मित्राला कळवत होते की आपण शेतीत सुखी आहोत, पदाचा मोह नाही. मी भराभर टाइप करायला लागले.

"थांब," बाबा म्हणाले. "आधी खोडलेलं वाच. मी कुठलाही कागद हातात घेतला की तेच आधी बघायचो. खरं काय ते तिथे सापडतं."

शाई उडालेली आणि वर आडवी रेघ. त्या एका ओळीला आम्हाला तीन दुपारी लागल्या. पद आपल्याला मनापासून हवं आहे, असं त्याने तिथे लिहिलं होतं.

"लबाडच की!" मी म्हणाले.

"लबाड असता तर नवा कागद घेतला असता," बाबा म्हणाले. "तोंडाने मागता येत नव्हतं बिचाऱ्याला. पण मित्राला कळू दिलं त्याने. त्याला छाती लागते."

मग मलाही तो पुढारी आवडायला लागला. त्याहून जास्त आवडले बाबा. तिसऱ्या दिवशी चहा गार झाला तरी त्यांनी फोन ठेवला नव्हता.

पुढे दोन-तीन महिन्यांनी पोस्टाने बाबांचं पत्र आलं. तेच मोत्यासारखं अक्षर. इकडे सगळं ठीक आहे, जेवणाचा डबा वेळेवर येतो, शेजारी विचारपूस करतात, तू तुझी नोकरी सांभाळ. आणि मध्येच एका ओळीवर आडवी रेघ मारलेली. बाबांच्या हातची खाडाखोड मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.

त्या रेघेखालचं वाचायला मला कोणाची मदत लागली नाही. "एकदा येऊन जा. घर खायला उठतं."

मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. त्याच दुपारी देशाबाहेर जायच्या परवानगीचा अर्ज भरायला बसले. कारणाच्या रकान्यात आधी 'कौटुंबिक अडचण' असं टाइप केलं. मग ते पुसलं आणि लिहिलं, वडिलांनी बोलावलं आहे.