मनगटाएवढी पाटी

भाव करणारं गिऱ्हाईक समोर आलं की पेंटरच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "चार अक्षरं तर लिहायचीत, त्याचे एवढे?" असं कुणी म्हटलं रे म्हटलं, की तो हातातला ब्रश डब्यावर आडवा ठेवायचा, फडक्याला बोटं पुसायचा आणि अगदी गोड आवाजात म्हणायचा, "चारच आहेत ना? मग घरीच लिहा की." गिऱ्हाईक पाय आपटत जायचं आणि चार दिवसांनी मुकाट परत यायचं. कारण गावात पाटी लिहावी तर पेंटरनंच, हे न्हाव्यापासून डॉक्टरापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. पेंटरला तर सगळ्यात आधी माहीत होतं.

मग छापील फ्लेक्स आले. स्वस्तात मस्त म्हणत अर्धा बाजार तिकडे धावला. दोन उन्हाळ्यांत लाल अक्षरं गुलाबी झाली, काळी अक्षरं राखाडी झाली, तेव्हा पेंटर मुद्दाम बाजारातून हळूहळू चालत जायचा आणि एकेका दुकानासमोर थांबून मान हलवायचा. बोलायचा काही नाही. नुसती मान. ती मान लोकांना शिवीपेक्षा जास्त लागायची.

एकच गोष्ट त्याच्या मनाला आयुष्यभर टोचत राहिली. काम जरा बिघडलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभं. पण काम चांगलं झालं, हे सांगायला एक माणूस परत फिरकला असेल तर शपथ! पैसे चुकते केले की संपलं. पेंटर म्हणायचा, "मला काय गरज आहे कौतुकाची?" गरज होती. चांगली सणसणीत होती.

पाटी लिहायचा तो, पण पाटी तयार करायची बायको. पत्रा घासायचा, खड्डे लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरायचे, पुन्हा घासायचा आणि मग अस्तराचे दोन हात मारायचे. "अक्षराचं निम्मं आयुष्य अस्तरात असतं," हे पेंटर प्रत्येक गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगायचा. आणि खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत सही करायची वेळ आली, की सही मात्र एकट्याची करायचा. बायकोनं कधी काही म्हटलं नाही. म्हणजे तोवर म्हटलं नव्हतं.

मग पेंटरचा उजवा हात थरथरायला लागला. आधी बशीत कप वाजायचा, नंतर एका औषधाच्या दुकानाच्या पाटीवर अक्षराची शेपटी वेडीवाकडी गेली. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी थोडं कमी होईल, जाणार नाही. पेंटरनं त्याच आठवड्यात काम बंद केलं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "हात थांबलाय, जीभ नाही." ते अगदी खरं होतं आणि बायकोच्या नशिबी तेच होतं.

एक दिवस बायको भाचीकडून आली ती काहीतरी ठरवूनच आली. भाचीनं दंडावर पक्षी गोंदवून घेतला होता. चहा समोर ठेवत बायको म्हणाली, "मलाही टॅटू काढायचाय."

पेंटरला ठसकाच लागला. "या वयात? काय काढणार? फुलपाखरू?"

"नाव."

"माझं?" पेंटर लगेच खुलला.

"तुमचं कशाला? तुमचं नाव गावभर प्रत्येक कोपऱ्यात आहे. जन्मभर अस्तर मी मारलं, माझं नाव कुठं आहे सांगा बरं? मनगटावर माझं नाव हवंय मला. आणि अक्षर तुमच्या हातचं हवं. छापील नको."

पेंटरनं हात हळूच टेबलाखाली नेला. बायकोनं उभ्या जन्मात एक गोष्ट मागितली होती, आणि तीही नेमकी अशा वेळी, जेव्हा देणारा हातच कामातून गेला होता. त्याला फार वाईट वाटलं. तरी म्हणाला काय, तर "बघू." त्याच्या तोंडी 'बघू' म्हणजे होकार, हे बायकोला पक्कं ठाऊक होतं.

टॅटूचं पहिलं दुकान बाजारातच होतं, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला लागून. आतला पोरगेलासा माणूस खुर्ची फिरवत म्हणाला, "बसा अंकल. फॉन्ट निवडा." पडद्यावर अक्षरांचे नमुने सरकायला लागले. 'अंकल' ऐकूनच पेंटरचं डोकं सणकलं होतं, पण त्यानं गिळलं. म्हणाला, अक्षर माझं असेल, मात्र हात जरा हलतो.

"नो प्रॉब्लेम. हललेलं कॉम्प्युटर सरळ करून देतो. अर्ध्या तासात काम."

"जुनं काम दाखव. दोन-तीन वर्षांपूर्वीचं."

त्यानं फोटो दाखवले. सगळे ताजे, चकचकीत, कातडी अजून लाल असलेले. पाटी रंग ओला असताना बघू नये, दोन उन्हाळे गेल्यावर बघावी, हे पेंटरला कुणी शिकवायची गरज नव्हती. "जुनी माणसं परत येत नाहीत अंकल," तो म्हणाला. पण त्यानं जो भाव सांगितला, तो ऐकून पेंटरचं मन विरघळलं. काम बंद केल्यापासून खिसा जरा तंगच होता. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तसा वाईट नाही वाटला, नाही का?"

बायकोनं त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि मान हलवली. अगदी त्याच्यासारखीच.

दुसऱ्या दुकानाचा पत्ता भाचीनं दिला होता. सलूनच्या वर एक खोली, पांढऱ्या भिंती, धुतलेली फरशी, आणि चष्मा कपाळावर चढवलेली चाळिशीची एक बाई. तिनं बायकोचं मनगट हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिलं, कातडी बोटांनी ताणून पाहिली. गोड बोलण्यात तिनं वेळ घालवला नाही. जुनं काम मागितल्यावर म्हणाली, "खाली सलूनवाल्याच्या दंडावर माझं आहे. बरीच वर्षं झाली. जाऊन बघा."

पेंटर तडक खाली गेला. सलूनवाला एकाची दाढी करत होता. पेंटरनं त्याला वस्तरा हातात असतानाच बाही वर करायला लावली. गिऱ्हाईक गालाला फेस लावून खुर्चीत ताटकळलं, तरी पेंटर आपला खिशातलं भिंग काढून दंड न्याहाळतोय! रेघ जिथं संपायला हवी तिथंच संपली होती. रंग पसरला नव्हता, कड फुटली नव्हती. "ऊन लागतं का याला?" त्यानं विचारलं. सलूनवाला म्हणाला, "लागतं की. सुट्टीच्या दिवशी उघड्या अंगानं शेजारच्या तळ्यात पोहतो मी."

पेंटर वर आला, भाव विचारला. पहिल्याच्या तिप्पट. आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं वाक्य त्याच्याच तोंडून धाडकन बाहेर पडलं, "तीन अक्षरं तर लिहायचीत, त्याचे एवढे?"

टॅटूवालीनं कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "तीनच आहेत ना काका? मग घरीच लिहा की."

बायको हसायला लागली ती थांबेचना. भिंतीला टेकली, पदरानं डोळे पुसले, पुन्हा हसली. पेंटर आधी गोरामोरा झाला, मग त्यालाही हसू फुटलं. इतक्या वर्षांत त्याला त्याच्या जातीचं माणूस भेटलं होतं. त्यानं भावाबद्दल पुढे चकार शब्द काढला नाही.

जिना उतरताना उलट बायकोच कचरली. "अहो, एवढे पैसे माझ्या मनगटावर? पहिलाच बरा होता. चालेल मला."

"मला नाही चालणार," पेंटर म्हणाला. "पाटी असती तर एक वेळ म्हटलं असतं, बिघडली तर टर्पेंटाइननं पुसू, नवीन लिहू. ही पुसता येत नाही. न पुसता येणाऱ्या गोष्टीत काटकसर करायची नसते."

भाव ठरला, पण खरी गोची पुढेच होती. टॅटूवालीनं निघताना बजावलं होतं, "अक्षर जसं आणाल तसं उतरवीन. रेघ हलली असेल तर हललेलीच येईल. दुसऱ्याच्या अक्षरात मी हात घालत नाही." पेंटरला हे पटलंही होतं आणि याच वाक्याची धास्तीही बसली होती.

घरी त्यानं कागद घेतले आणि मनगटाच्या मापाचं नाव लिहायला बसला. पहिली उभी रेघच पायरीपायरीनं उतरली. डाव्या हातानं उजवं मनगट धरून पाहिलं, तर दोन्ही हात थरथरले. हात टेकायची जुनी काठी काढली, तीही कागदावर टकटक वाजायला लागली. चुरगाळलेल्या कागदांचा ढीग झाला. बायको आतून म्हणाली, "राहू द्या हो. नाहीतर फॉन्टच निवडू." हे ऐकून पेंटरला इतका राग आला, इतका राग आला, की तो उठून बाहेरच गेला.

बाहेर घराची गल्लीकडची भिंत होती. उंच, कोरी, एकही खिडकी नसलेली. पेंटर तिच्यासमोर येरझाऱ्या घालत असताना त्याला एका गोदामाची भिंत आठवली. पुरुषभर उंचीची अक्षरं लिहिली होती तिथं. तेवढं अक्षर बोटांनी लिहीतच नाहीत. ते खांद्यातून येतं, चालत चालत येतं. आणि थरथर तर बोटांत होती! खांदा शाबूत होता. भिंतीवर बोटभर हललेली रेघ लहान करून मनगटावर आणली, की हललेलं दिसणारसुद्धा नाही. "अगं ए!" तो तिथूनच ओरडला. "शिडी काढ!"

बायको सवयीनं शिडीबरोबर अस्तराचा डबाही घेऊन आली. पेंटरनं तो तिच्या हातातून काढून घेतला. "आज अस्तर मी मारतो. तू बस."

ती स्टूल टाकून बसली आणि दिवसभर चुका काढत राहिली. "तिकडं राहिलं. अहो, ओघळ आला. असं मारतात का अस्तर?" एवढी खूश ती कित्येक वर्षांत झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी पेंटरनं दोरीला रंग लावून, ताणून, झटकून रेघा मारल्या, खडूनं आखणी केली आणि रंग भरायला घेतला. हात थरथरत होता, पण खांदा आपला नेहमीच्या रुबाबात चालला होता. गल्लीत माणसं जमली.

"पेंटर, कसलं दुकान काढताय?"

"दुकान नाही," शिडीवरून उत्तर आलं, "मालकीण आहे."

बायकोचं तीन अक्षरी नाव भिंतभर उभं राहिलं. गावात त्याहून मोठी पाटी दुसरी नाही. नाव काय ते मी सांगत बसत नाही, गल्लीच्या तोंडापासून वाचता येतं. तिसऱ्या अक्षराच्या वळणावर शिडी बदलताना रेघ जराशी हलली. पेंटर चरफडला, मग म्हणाला, "असू दे. लहान झाल्यावर कुणाच्या बापाला दिसत नाही."

रंग सुकल्यावर बायको म्हणाली, "कोपऱ्यात सही राहिली तुमची."

"अस्तर माझं होतं ना? अस्तर मारणाऱ्याची सही नसते. तुला तर ठाऊक आहे." पेंटर डबे आवरत होता, त्यानं मागे वळून पाहिलं नाही. बायको आत गेली आणि त्याच्यासाठी चहा टाकला.

भाचीनं समोरून सरळ फोटो काढला. टॅटूवालीनं तो लहान करून त्याचा छाप बनवला. मनगटावर ठेवताना पुन्हा वाद झाला. पेंटरचं म्हणणं, पाटी वाचणाऱ्याच्या बाजूनं असते, तेव्हा अक्षरांची डोकी समोरच्याला सरळ दिसायला हवीत. बायको म्हणाली, "समोरच्यांना भिंत आहे. हे मला वाचायचंय." टॅटूवालीनं छाप बायकोच्या बाजूनं वळवला आणि समोर नव्या सुईचं पाकीट फोडलं. मशीन सुरू झालं तशी बायको शांत बसून राहिली. डोळे घट्ट मिटले ते पेंटरनं.

महिनाभरानं खपल्या गेल्या, कातडी निवळली. पेंटरनं बायकोला हाताला धरून उन्हात, भिंतीसमोर नेलं, खिशातलं भिंग काढलं. पहिलं अक्षर, दुसरं अक्षर, तिसरं. वळणावर तो थांबला. भिंतीकडे पाहिलं, परत मनगटाकडे. भिंतीवर जिथं रेघ हलली होती, नेमकी तिथंच मनगटावरही हलली होती. केसाएवढी. नुसत्या डोळ्यांना कधीच दिसली नसती. सरळ करून टाकली असती तरी कुणाला कळलं नसतं. पण टॅटूवालीनं केली नव्हती. त्याचा हात जसा होता, तसाच्या तसा तिनं उतरवला होता. पेंटरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"बिघडलंय का काही?" बायकोनं विचारलं.

"पैसे वसूल," पेंटर म्हणाला आणि भिंग खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच सलूनवरचा जिना चढला. त्याला दारात बघून टॅटूवाली हातातलं काम टाकून उठली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते पेंटरला लगेच ओळखू आलं, आयुष्यभर आपल्या दारात उभं राहून त्याच चेहऱ्यानं तो गिऱ्हाइकांना सामोरा गेला होता.

"काय झालं काका? काही बिघडलं का?"

"नाही," पेंटर म्हणाला. "चांगलं झालंय. तेवढंच सांगायला आलो."